तालुक्याच्या नोंदवह्या आणि मानवी हक्कांचे मोजमाप

मानवी हक्क संरक्षण कायदा, १९९३ याने केलेली मानवी हक्कांची व्याख्या आटोपशीर आहे: व्यक्तीचे जीवित, स्वातंत्र्य, समता आणि प्रतिष्ठा यांच्याशी निगडित असलेले, भारतीय राज्यघटनेने ज्यांची हमी दिली आहे किंवा आंतरराष्ट्रीय करारांत जे अंतर्भूत आहेत, आणि भारतातील न्यायालयांमार्फत ज्यांची अंमलबजावणी होऊ शकते असे हक्क. व्याख्या स्पष्ट असली, तरी एखाद्या प्रदेशात या हक्कांची स्थिती कशी आहे आणि ती सुधारते आहे की ढासळते आहे, हे सांगण्याची वेळ आली की अडचण सुरू होते. परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात पडलेला पाऊस महसूल मंडळागणिक मोजला जातो, पूर्णा नदीवरील येलदरी धरणाचा पाणीसाठा रोज नोंदवला जातो. परंतु ‘मानवी हक्क’ असे नाव असलेली नोंदवही तालुक्यातील कोणत्याही कार्यालयात ठेवलेली नसते. मारहाणीची नोंद पोलीस ठाण्यात होते, जखमांची रुग्णालयात, मृत्यूची ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत, शाळा सुटलेल्या मुलीची शाळेच्या पटावर, आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या प्रकरणाची तहसील कचेरीत. या सगळ्या नोंदी वेगवेगळ्या कामांसाठी, वेगवेगळ्या कायद्यांखाली आणि वेगवेगळ्या माणसांनी केलेल्या असल्यामुळे त्या शेजारीशेजारी ठेवून वाचल्याशिवाय हक्कांच्या स्थितीविषयी काही बोलता येत नाही. आणि वाचताना प्रत्येक नोंद कोणी, कशासाठी केली हे विचारावे लागते.

अशा वाचनाला शिस्त यावी म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त कार्यालयाने २०१२ मध्ये निर्देशकांविषयी एक मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. निर्देशक म्हणजे थेट न दिसणाऱ्या स्थितीची खूण ठरणारी, पडताळून पाहता येणारी माहिती. या ग्रंथात निर्देशकांचे तीन प्रकार मानले आहेत. पहिला संरचनात्मक, म्हणजे हक्काचे रक्षण करणारा कायदा आणि यंत्रणा कागदावर आहे की नाही. दुसरा प्रक्रियेचा, म्हणजे ती यंत्रणा प्रत्यक्षात किती हालचाल करते. आणि तिसरा फलाचा, म्हणजे शेवटी माणसाच्या वाट्याला काय आले. या विभागणीचा उपयोग असा, की ‘कायदा आहे’ हे उत्तर ‘हक्क मिळतो का’ या प्रश्नाला देऊन मोकळे होण्याची जी सवय सरकारी अहवालांना असते, ती तिच्यामुळे लगेच उघडी पडते.

परभणी जिल्ह्यापुरते पाहायचे तर बालविवाहाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. संरचना भक्कम आहे: बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा आहे, महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, अंगणवाडी सेविका त्याला साहाय्य करते आणि १०९८ हा मदत क्रमांक चोवीस तास चालतो. फलाचा निर्देशक मात्र वेगळेच सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांचे लग्न वयाच्या अठराव्या वर्षापूर्वी झाले असल्याचे आढळले. हे प्रमाण महाराष्ट्रातील सर्व जिल्ह्यांत सर्वाधिक होते, तर संपूर्ण राज्याचे प्रमाण २१.९ टक्के होते. याच्या शेजारी पोलिसांकडील आकडा ठेवावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२० या वर्षात या कायद्याखाली संपूर्ण देशात मिळून ७८५ गुन्हे दाखल झाले. एका जिल्ह्यातील जवळपास निम्म्या तरुण स्त्रिया एका बाजूला आणि सगळ्या देशातील आठशेहून कमी गुन्हे दुसऱ्या बाजूला, असे हे चित्र आहे.

दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. सर्वेक्षण करणारी स्त्री घरी येऊन लग्नाच्या वेळचे वय विचारते, त्या उत्तराने कोणाला शिक्षा होत नाही, म्हणून उत्तर बरेचसे खरे मिळते. गुन्हा दाखल होण्यासाठी मात्र कोणीतरी फिर्याद द्यावी लागते. आणि फिर्याद द्यायची ती भावकीविरुद्ध, मांडवात जेवून आलेल्या गावाविरुद्ध आणि ज्या गावात आणखी काही वर्षे नोकरी करायची त्याच गावातील पुढाऱ्यांविरुद्ध, हे ग्रामसेवकाला पुरते ठाऊक असते. म्हणजे गुन्ह्यांचा आकडा बालविवाह किती झाले हे सांगत नाही, यंत्रणेने किती वेळा धाडस केले हे सांगतो. तो प्रक्रियेचा निर्देशक आहे, आणि त्याला फलाचा निर्देशक समजण्याची चूक वर्तमानपत्रांत वारंवार होते.

सर्वेक्षणाच्या आकड्यालाही मर्यादा आहेत. पाचव्या फेरीत देशातील ७०७ जिल्ह्यांमधील ६,३६,६९९ कुटुंबांची माहिती घेण्यात आली, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी नऊशे कुटुंबे. त्यांतून २० ते २४ वयोगटातील स्त्रिया वेगळ्या काढल्या की नमुना आणखी लहान होतो आणि ४८ हा आकडा काही टक्के मागेपुढे असू शकतो. तालुक्याचा आकडा तर या सर्वेक्षणातून काढताच येत नाही. जिंतूरची स्थिती सेलू किंवा पाथरीपेक्षा बरी की वाईट हे त्यातून कळणार नाही. शिवाय हा आकडा भूतकाळाविषयी बोलतो. सर्वेक्षणाच्या वेळी चोवीस वर्षांची असलेली स्त्री सोळाव्या वर्षी बोहल्यावर चढली असेल, तर ती घटना आठ वर्षांपूर्वीची असते. आज एखाद्या जिल्हाधिकाऱ्याने बालविवाह रोखण्याची मोहीम नेटाने चालवली, तर तिचे फळ या आकड्यात उतरायला तो अधिकारी बदलून जाण्याइतका काळ लागतो.

यातून मानवी हक्कांच्या मोजमापातील सर्वांत अवघड गाठ समोर येते. तक्रारी वाढल्या म्हणजे अत्याचार वाढले, की तक्रार करण्याची हिंमत आणि सोय वाढली? अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ क्रिस्टोफर फॅरिस यांनी २०१४ मध्ये असे दाखवून दिले, की जगभरच्या वार्षिक मानवी हक्क अहवालांत दशकानुदशके स्थिती जागच्या जागी असल्यासारखी दिसते, याचे एक कारण अहवाल लिहिणाऱ्यांची नजर दरम्यान अधिक बारीक झाली हे आहे. पूर्वी ज्या वागणुकीकडे दुर्लक्ष होत असे तीच आता उल्लंघन म्हणून नोंदवली जाते. हाच न्याय तालुक्याला लावला, तर अनुसूचित जाती आणि जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे बोलीभाषेतील ‘अॅट्रॉसिटी’खाली, वर्षभरात एकही गुन्हा दाखल न झालेले पोलीस ठाणे आदर्श असेलच असे नाही, तिथे फिर्यादीला ‘आपसात मिटवून घ्या’ असे सांगून परत पाठवले जात असेल, किंवा प्रकरण अदखलपात्र म्हणून नोंदवून कागद हातात दिला जात असेल. एखाद्या ठाण्यातील संख्या शून्यावर येऊन थांबली असेल, तर अभ्यासकाने तेथील ठाणे दैनंदिनी, अदखलपात्र नोंदी आणि रुग्णालयातील जखमांच्या नोंदी यांची तारखेवार जुळणी करून पाहावी. जखम आहे आणि फिर्याद नाही, अशा जागा त्या जुळणीत सापडतात.

शून्य तयार होण्याचा आणखी एक मार्ग व्याख्येतून जातो. परभणी जिल्ह्याच्याच सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे मे २०२३ मध्ये शौचालयाची टाकी साफ करताना पाच मजूर गुदमरून मृत्यू पावले. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी राज्यसभेत सांगितले होते की अशा मैलासफाईमुळे एकाही मृत्यूची नोंद नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत लोकसभेत मात्र, गटारे आणि मैल्याच्या टाक्या साफ करताना पाच वर्षांत ३४० मृत्यू झाल्याचे सांगण्यात आले होते. विधाने परस्परविरोधी वाटतात, पण कायद्याच्या भाषेत ‘हाताने मैला उचलणे’ आणि ‘गटार व टाकीची धोकादायक सफाई’ हे दोन वेगळे प्रकार असल्यामुळे पहिल्या रकान्यात शून्य आणि दुसऱ्यात शेकडो अशी मांडणी करता येते. टाकीत उतरलेल्या माणसाच्या दृष्टीने या भेदाला काडीचाही अर्थ नाही.

शेतकरी आत्महत्यांच्या बाबतीत तेच काम ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे दोन शब्द करतात. महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रत्येक प्रकरण तपासते आणि शेतजमीन, कर्ज, परतफेडीची असमर्थता, वसुलीचा तगादा यांचे पुरावे पाहून एक लाख रुपयांच्या मदतीस कुटुंब पात्र आहे की नाही हे ठरवते. ही चाळणी मदत वाटण्यासाठी आहे. परंतु पुढे तीच मोजणीची चाळणी होऊन बसते आणि ‘पात्र’ संख्या हीच आत्महत्यांची संख्या म्हणून चर्चेत येते. सावकाराच्या तोंडी कर्जाला कागद नसतो, बटाईने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, आणि नवऱ्यामागे शेती सांभाळणाऱ्या बाईची गणना कित्येकदा शेतकरी म्हणून होतच नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने मार्च २००५ मध्ये सादर केलेल्या अहवालाचे मोल इथे जाणवते. मदतीचा निकष बाजूला ठेवून कुटुंबांपर्यंत जाऊन कारणे विचारण्याचा तो प्रयत्न होता.

कोणत्या दारात जाऊन विचारले यावर आकडा किती बदलतो, हे शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या प्रकरणाने स्पष्ट केले. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात, मुकादम हंगामाआधी जोडीला ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, आणि दिवाळीच्या सुमारास परभणी जिल्ह्यातूनही अशा टोळ्या कारखान्यांकडे निघतात. खाडा पडला की मजुरी बुडते आणि वर दंड बसतो. त्यामुळे अंगावरच्या दुखण्यांवर गर्भपिशवी काढून टाकणे हाच उपाय म्हणून पुढे केला जाऊ लागला. २०१९ मध्ये विधिमंडळात देण्यात आलेला आकडा तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया असा होता आणि तो खासगी रुग्णालयांच्या नोंदींवरून काढलेला होता. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी प्रत्यक्ष ऊसतोड कामगार स्त्रियांचीच पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली असल्याचे आढळले. पहिला आकडा तीन वर्षांतील शस्त्रक्रियांचा आणि दुसरा हयात स्त्रियांचा असल्याने त्यांची सरळ तुलना होत नाही. तरीही प्रश्न रुग्णालयांपेक्षा कामगार स्त्रियांमध्ये किती मोठा दिसतो, हे समजायला दुसरी पाहणीच करावी लागली. याच स्थलांतराचा धागा बालविवाहापर्यंतही जातो, कारण वयात आलेली मुलगी सहा महिने गावी एकटी ठेवण्याची भीती आणि लग्न लावून दिले तर नवा कोयता तयार होण्याची सोय, ही दोन्ही कारणे कुटुंबाच्या हिशेबात एकाच वेळी असतात.

कोठडीतील मृत्यूंची मोजणी ही भारतातील हक्क-देखरेखीची सर्वांत जुनी आणि त्यातल्या त्यात काटेकोर शाखा म्हणता येईल. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग १२ ऑक्टोबर १९९३ रोजी स्थापन झाला आणि त्याच वर्षी १४ डिसेंबर रोजी त्याने सर्व जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षकांना कोठडीतील प्रत्येक मृत्यू २४ तासांच्या आत कळवण्याची सूचना पाठवली. तरीही आकडे जुळत नाहीत. गुन्हे नोंद विभागाने २०२१ या वर्षासाठी पोलीस कोठडीतील ८८ मृत्यू दाखवले. मानवी हक्क आयोगाच्या माहितीवर आधारित संसदेतील उत्तरात २०२१-२२ या आर्थिक वर्षात फेब्रुवारीअखेर पोलीस कोठडीत १५५ आणि न्यायालयीन कोठडीत २,१५२ मृत्यू सांगितले गेले. कालावधी थोडा वेगळा आहे हे लक्षात घेऊनही, पोलीस कोठडीच्या आकड्यांतील ही तफावत मोठी आहे. पोलीस कोठडी म्हणजे तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात असणे, तर न्यायालयीन कोठडी म्हणजे न्यायालयाच्या आदेशाने तुरुंगात असणे. एखाद्याला ठाण्यात मार बसला आणि मृत्यू तुरुंगात झाला, तर तो कोणत्या रकान्यात जायचा, हा प्रश्न परभणीने २०२४ च्या डिसेंबरात सगळ्या महाराष्ट्रापुढे ठेवला.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकासमोरील डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. योगायोगाने तो दिवस जागतिक मानवी हक्क दिन होता. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी धरपकड केली. अटक झालेल्यांपैकी कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू पावला. सुरुवातीला आजाराचे कारण पुढे आले. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ प्रमाणे अशा मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी व्हावी लागते, तशी ती झाली आणि तिच्या अहवालात पोलिसांवर ठपका ठेवण्यात आला. मात्र असा अहवाल आल्यानंतर पुढे नेमके काय करायचे याविषयी संहितेत स्पष्ट तरतूद नाही, हा मुद्दा मृताच्या आईने उच्च न्यायालयात केलेल्या याचिकेत मांडला गेला. औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलैला त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. म्हणजे मृत्यूपासून गुन्ह्याच्या नोंदीचा आदेश कायम होईपर्यंत साडेसात महिने गेले. या काळात त्या घटनेची ‘अधिकृत’ नोंद बदलत राहिली, आणि ती बदलली ती एकापाठोपाठ एक वेगळ्या संस्थांनी तिची तपासणी केल्यामुळे. एका नोंदीवर विसंबून न राहण्याचा अर्थ या प्रकरणात जितका उघड दिसतो तितका क्वचितच दिसतो.

मराठवाड्याला अशा तपासणीचा इतिहास आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत जिंतूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. रझाकारांचे अत्याचार, त्यानंतरची पोलीस कारवाई आणि तिच्यामागून उसळलेली सूडाची हिंसा यांचा आढावा घेण्यासाठी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळ २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानात फिरले. पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा संमत झाला तो १० डिसेंबर याच फिरतीत येतो. शिष्टमंडळाने १६ पैकी ९ जिल्ह्यांना भेट दिली आणि जिथे जाता आले नाही अशा १०९ गावांतील पाचशेहून अधिक लोकांची जबानी घेतली. २७ ते ४० हजार बळींचा त्याचा अंदाज आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड यांचा उल्लेख आज सर्वज्ञात आहे, परंतु तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही. अंदाजाची कमान एवढी रुंद राहिली, कारण नावानिशी यादी केली गेली नव्हती. पुढे २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात संमत झाल्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा अत्याचार विरोधी समितीने गावांत फिरून तयार केलेला अहवाल पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. सरकारी आणि बिगरसरकारी नोंदींमधला फरक या दोन तारखांमधूनही कळतो.

अपुऱ्या याद्यांवरून पूर्ण संख्येकडे जाण्याची एक पद्धत आहे आणि जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी ती भारतातील माहितीवरून विकसित झाली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. कोलकात्याजवळच्या सिंगूर आरोग्य केंद्रातील जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून सी. चंद्रशेखर आणि डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ मध्ये ती मांडली. एका यादीत १०० नावे आहेत, स्वतंत्रपणे केलेल्या दुसऱ्या यादीत ८० आहेत, आणि ४० नावे दोन्हींत आहेत असे मानू. दुसऱ्या यादीतील निम्मीच नावे पहिलीला सापडली, म्हणजे पहिली यादी एकूण घटनांपैकी निम्म्याच पकडते आहे. तेव्हा एकूण संख्या सुमारे २०० असली पाहिजे. याच कल्पनेचा विस्तार करून पेरू देशाच्या सत्य आणि सलोखा आयोगाने २००३ मध्ये, प्रत्यक्ष नोंदवलेल्या सुमारे २४ हजार बळींच्या आधारे एकूण बळी ६९,२८० असल्याचा अंदाज वर्तवला. तो अंदाज नंतर वादाचा विषय ठरला, कारण याद्या खरोखर एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का यावर या पद्धतीचा सारा भार असतो. जिंतूरसारख्या तालुक्यात पोलिसांची यादी आणि रुग्णालयाची यादी स्वतंत्र मानता येत नाहीत. जखमी माणसाला पोलिसांनीच चिठ्ठी देऊन रुग्णालयात पाठवलेले असते. त्यामुळे शाळा, अंगणवाडी किंवा एखाद्या संघटनेची वेगळी यादी मिळवणे हे संख्याशास्त्राच्या दृष्टीनेही गरजेचे ठरते.

देखरेखीची रीतसर यंत्रणा तालुक्यापासून बरीच दूर आहे. महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग २००१ पासून मुंबईत काम करतो आणि जिंतूरहून मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर आहे. आयोग शिफारस करतो, हुकूम देत नाही. आणि १९९३ च्या कायद्याच्या कलम ३६ नुसार घटनेला एक वर्ष उलटून गेले की त्याला चौकशी करता येत नाही. कर्ज, भीती आणि स्थलांतर यांत वर्ष निघून जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबासाठी ही मुदत तोकडी आहे.

त्या मानाने जवळची, पण जवळजवळ विस्मृतीत गेलेली यंत्रणा अत्याचार प्रतिबंधक नियम, १९९५ मध्ये आहे. नियम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व संनियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी लागते. तिथे दाखल गुन्हे, तपासाची स्थिती आणि पीडितांना मिळालेले अर्थसाहाय्य यांचा आढावा घेतला जातो. उपविभागीय पातळीवरही अशी समिती असते. या बैठकांची इतिवृत्ते वर्षानुवर्षे ओळीने लावली, तर जिल्ह्यातील एका हक्काच्या स्थितीची सलग आणि तारखेवार मालिका हाती येते, आणि कोणत्या तिमाहीत बैठकच झाली नाही हेही त्यातच दिसते. इतिवृत्ते माहितीच्या अधिकाराखाली मागता येतात. त्यासाठी साधा अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत लागते. मागितलेली माहिती एखाद्या व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल, उदाहरणार्थ ठाण्यात कोणाला, कधी आणि कोणत्या कारणासाठी बसवून ठेवले आहे याविषयी असेल, तर कायद्याच्या कलम ७ प्रमाणे ती ४८ तासांत द्यावी लागते.